कोल्हापूरच्या एटीएमला खोटा होकार कुणी दिला?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची बनावट कार्डं घालून एटीएममधून पैसे काढले जात होते. परदेशात २८ देशांत, आणि आपल्याकडे कोल्हापुरातही. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी स्विफ्टमार्फत हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

पण खात्यात पैसे नसताना मशीनने नोटा दिल्याच कशा?

एटीएम स्वतः काही ठरवत नाही. ते बँकेच्या 'स्विच'ला विचारतं. स्विच म्हणजे सर्व्हरवर पडद्यामागे चोवीस तास चालणारा प्रोग्राम. बँकेच्या सांगण्यानुसार चोरांनी मालवेअर घुसवून मध्ये खोटा स्विच उभा केला. विचारणा खऱ्या यंत्रणेपर्यंत गेलीच नाही, मधूनच 'द्या पैसे' असं उत्तर मिळालं.

अशा प्रोग्रामभोवती घालायचं एक कुंपण आहे : मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल. एरवी लिनक्सवर ज्याच्या हाती 'रूट' अधिकार, त्याला सगळी दारं उघडी. या व्यवस्थेत मात्र नियम थेट कर्नल पाळतो. धोरणात परवानगी नसेल तर रूटलाही नकार. एसईलिनक्स आणि ॲपआर्मर ही त्यातली दोन प्रसिद्ध नावं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही एसईलिनक्स चालू असतं, ५.० आवृत्तीपासून सक्तीने.

मग अडतं कुठे? धोरण लिहिण्यात. कोणती फाइल वाचायची, कोणत्या पोर्टवर बोलायचं, हे एकेक सांगावं लागतं. म्हणून आधी 'पर्मिसिव्ह' मोड लावतात. त्यात नियम मोडला तरी काम अडत नाही, फक्त नोंद होते. नोंदी तपासून नियम नीट केले की 'एन्फोर्सिंग' करायचं. प्रत्यक्षात काम अडलं की कुणीतरी 'तात्पुरतं' पर्मिसिव्ह करतं आणि ते तसंच राहतं. किंवा नोंदीत आलेलं सगळं डोळे मिटून मंजूर केलं जातं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण कागदावर कुलूप लागलेलं दिसतं.

आणि स्विचला कुंपण घातलं म्हणजे झालं, असंही नाही. २०२४ मध्ये 'फास्टकॅश' मालवेअरची लिनक्स आवृत्ती उघड झाली. ती 'पीट्रेस' वापरून चालू स्विचच्या मेमरीत शिरते आणि नकाराचा होकार करते. म्हणजे स्विचने काय करू नये, एवढ्यावर भागत नाही. इतरांनी स्विचला हात लावू नये, हा नियमही हवा. रूट मिळालेल्या चोराला धोरणच बंद करता येत असेल, तर तेही कामाचं नाही. त्यामुळे या कुंपणाने कॉसमॉसची लूट थांबलीच असती, असं म्हणणं घाईचं ठरेल. चोराचं काम बरंच अवघड झालं असतं, इतकं म्हणता येतं.

एसईलिनक्समध्ये पीट्रेस रोखण्याची वेगळी सोय आहे, 'डिनाय-पीट्रेस'. ती मुळात बंद असते. कुणीतरी आठवणीने चालू करावी लागते.