गोडबोले काकूंचे पुनर्दर्शन

कापूसवेचणीच्या हंगामात मारेगावच्या वाचकांपुढे विनोदी चित्रपटाचा विषय मांडणे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या वऱ्हाडात दंडारीच्या फडावर पुरुषांनीच लुगडे नेसून स्त्री उभी करण्याची वहिवाट आहे, तेथे 1997 सालच्या ‘चाची 420’मधील लक्ष्मी गोडबोले परकी ठरण्याचे कारण नाही. ॲन फाइन यांची 1987 ची कादंबरी, तीवरून 1993 चा अमेरिकी ‘मिसेस डाउटफायर’, त्यावरून 1996 चा तमिळ ‘अव्वै षण्मुगी’, आणि मग हा हिंदी अवतार, असा दीर्घ प्रवास करून, तमिळ रूपातील ब्राह्मण मामी कमल हासन यांच्या हाती नऊवारीतील मराठी काकू झाली.

फारकतीचा कज्जा निकालात निघून कन्येचा ताबा मातेकडे गेल्यावर, जो पिता दाराबाहेर केवळ कज्जेदार उरतो, त्याच घरात काकूंच्या वेशात दाई म्हणून शिरताच ज्याला पत्नीचे दुःख प्रथमच ऐकू येते, त्याची ती विलक्षण कोंडी पुन्हा पाहताना हास्यापेक्षा अधिक काळ मनात रेंगाळते. शेवट मात्र आम्हांस पूर्वीइतका रुचला नाही: अमेरिकी दांपत्य विभक्तच राहते, आपले पुन्हा एकत्र येते, आणि आमच्या मते पहिलाच निर्णय अधिक प्रामाणिक आहे. काकूंना रंगरूप देणाऱ्या वृद्ध रंगभूषाकाराच्या भूमिकेतील जॉनी वॉकर यांची मात्र, त्यांच्या या अखेरच्या चित्रपटातही, एकही जागा चुकत नाही.