पहिल्या तारखेचें माहात्म्य

सांप्रत आमच्या सुशिक्षित घरांत एक नवें व्रत रूढ झालें आहे. व्यायाम, वाचन, काटकसर, जें जें करावयाचें तें ‘येत्या एक तारखेपासून’ करावयाचें, असा हा नेम. ह्याचें उद्यापन सहसा होत नाहीं, कारण तो चौथ्या दिवशींच मोडतो. शिवाय आज बावीस तारीख असली, तर उरलेले दिवस सुखानें वायां घालविण्याचा परवानाच मिळाला!

ह्या तारखेचें कूळ तरी पाहावें. रोमन लोकांत कर्जाचें व्याज महिन्याच्या पहिल्या दिवशीं देणें पडे, आणि ‘कॅलेंडर’ हा शब्द सावकाराच्या हिशेबवहीच्या नांवावरूनच आला. ज्याच्या हातीं पगार एक तारखेस पडतो त्यानें वाणसामानाचा हिशेब त्या दिवशीं खुशाल मांडावा. पण आत्मोद्धाराचा मुहूर्त तेथें कोठून आला?

‘आपल्याकडेही शुद्ध प्रतिपदा शुभच,’ असें कोणी म्हणेल. गुढीपाडवा वर्षांतून एकदां. परंतु आमचा सर्वांत मोठा व्रतकाळ जो चातुर्मास, तो आषाढ शुद्ध एकादशीस सुरू होतो. प्रतिपदेसाठीं तो अडून बसत नाहीं. कुरुंदवाडकरांस तर हें सांगावयासच नको. पंचगंगेपलीकडे नरसोबाच्या वाडीस कृष्णेचें पाणी मंदिरांत चढून, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानें बाहेर पडलें, कीं दक्षिणद्वाराचें पर्वस्नान घडतें. त्यास पंचांगांत तिथि नाहीं. पाणी रात्रीं चढलें तर लोक रात्रीं निघतात. आणि २०१९ च्या ऑगस्टांत पूर आला, तेव्हां धान्याचीं पोतीं माळ्यावर चढविण्यास कोणी मुहूर्त पाहिला नाहीं.

आमचे तरुण मित्र शास्त्राचा आधार पुढें करतील. डाय, मिल्कमन व रीस ह्या संशोधकांनीं २०१४ सालीं दाखविलें कीं, आठवड्याच्या, महिन्याच्या वा वर्षाच्या आरंभीं व्यायामशाळेंत जाणारे वाढतात. मान्य! पण जी गर्दी दर महिन्याच्या आरंभीं नव्यानें वाढते, ती मध्यंतरीं ओसरलेलीच असली पाहिजे.

सर्वांत मोठें नुकसान विद्यार्थ्यांचें. एका सत्रांत पहिल्या तारखा येऊन येऊन येतात किती? पांच, फार तर सहा. जुलैची आळसांत जाते, ऑगस्टची मोडते, सप्टेंबरची गणपतीच्या धामधुमींत निघून जाते. परीक्षा मात्र आपल्या दिवशीं येते. असे बुद्धिमान मुलगे वर्षानुवर्षें आमच्यासमोरून नापास होऊन गेले आहेत, आणि त्यांचीं वेळापत्रकें सुवाच्य अक्षरांत भिंतीवर लटकत होतीं. पालकांनीं निदान इतकें करावें: मुलगा ‘एक तारखेपासून’ म्हणाला, कीं त्याच संध्याकाळीं त्याच्यापुढें पुस्तक उघडून ठेवावें.