मंद नाडी : केवळ कफ म्हणून सोडू नये

नाडीपरीक्षा हा वैद्यवर्गाच्या अभिमानाचा विषय आहे. शार्ङ्गधराने कफाच्या नाडीस हंस-पारव्याच्या गतीची उपमा दिली आणि त्याच अध्यायात मंदाग्नी व क्षीणधातू रुग्णाची नाडी अतिमंद असते, असेही बजावले. उपमा सर्वांच्या तोंडी आहे. इशारा मात्र मागे पडला आहे. मंद नाडी दिसताच ‘कफप्रधान’ म्हणून मोकळे होणे आम्हांस शास्त्रसंमत वाटत नाही.

प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटास ६० पेक्षा कमी ठोके म्हणजे मंद हृद्गती. व्यायामपटूंमध्ये किंवा गाढ निद्रेत ती ४०-५० असली तरी प्राकृत असू शकते. परंतु तिच्यासोबत भोवळ, मूर्च्छा, धाप किंवा उरःशूल असेल, तर ती व्याधीची खूण समजावी. वार्धक्याने हृदयातील विद्युत्‌वहनात येणारा अवरोध, थायरॉइडची मंदता, रक्तातील पोटॅशियमची वाढ, हृदयविकाराचा झटका ही तिची प्रमुख कारणे होत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधे, इतकेच नव्हे तर काचबिंदूवरील टिमोलॉलचे थेंबही नाडी मंद करतात.

आपल्या औषधांचाही विचार निर्भीडपणे व्हावयास हवा. सर्पगंधा हृद्गती मंद करते. वरील औषधांसोबत ती देताना विशेष सावधगिरी हवी. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांतील वत्सनाभ नीट शोधित नसल्यास अथवा मात्रा ओलांडल्यास हृद्गतीत घातक बिघाड संभवतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, वत्सनाभाचे नाव आहे, ते उगीच नव्हे. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी असे कल्प चिठ्ठीवाचून हाती देऊ नयेत. घेणाऱ्याची रक्तदाबाची वा हृदयाची औषधे चालू आहेत काय, हेही अवश्य विचारावे.

चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन. नाडी घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावी, चालू औषधांची यादी पाहावी, हृदयालेख व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. चालू औषध मात्र रुग्णाने परस्पर बंद करू नये. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदल करावा. मूर्च्छा, छातीत वेदना किंवा रक्तदाब घसरणे ही लक्षणे असल्यास कल्पयोजनेत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पूर्ण हृदयावरोधात पेसमेकरची जागा अर्जुनारिष्ट घेऊ शकत नाही.

रुग्ण वेळेवर योग्य ठिकाणी पाठविणे यात वैद्याचा पराभव नाही. नाडीवर ठेवलेल्या बोटांची प्रतिष्ठा त्यानेच वाढेल, अशी आमची धारणा आहे.