कायदा आणि गृहिणी : शेजारचे सरपण आणि आपली जागा

मूलहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे आता नाहीत. परसात विहिरीपलीकडे चार फुटांची पट्टी आहे. तिथे सासूबाईंना विचारूनच शेजारच्या काकू पंधरा वर्षांपासून सरपण रचतात. आता काकूंच्या मुलाने तिथेच पाया खणायला घेतला. हटकले तर म्हणतो, "तुमच्या मामंजींनी ही जागा आम्हाला देऊन टाकली होती." ज्या घराशी वाटीभर साखरेची देवघेव, त्यांच्याशी भांडायचे कसे? आणि आमच्याकडे घरटॅक्सच्या पावत्या आहेत, त्या पुरतील का?

नाही हो, पुरणार नाहीत. कराच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. सातबारा आणि फेरफारसुद्धा मुख्यतः महसुलाच्या नोंदी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. खरा आधार नोंदणी झालेल्या खरेदीखताचा. ते पेटीत सापडले नाही तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून नक्कल मिळते. त्यातली चतुःसीमा आणि मापे नीट वाचा. जागा नगर भूमापनात आली असेल तर आखीव पत्रिकाही काढा. पुण्याकडे जिला मालमत्ता पत्रक म्हणतात, तीच ही. तिच्यावर अजून सासऱ्यांचेच नाव असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या. सून म्हणून तुमचे नाव त्यात येणार नाही. सासूबाईंचे, तुमच्या यजमानांचे आणि नणंदांचे येईल. (जन्मभर अंगण झाडायचे आपण आणि कागदावर मात्र आपण कुठेच नाही, हे दुखणे जुनेच आहे.)

खरेदीखत जागा कुणाची ते सांगते, पण तिची हद्द नेमकी कुठून जाते ते मोजणीशिवाय कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे अर्ज करून फी भरावी लागते. शेजाऱ्यांना नोटीस जाते. त्या दिवशी यजमानांना रजा काढायला सांगा, भूकरमापक खुणा दाखवतील त्या दोघांनी डोळ्यांनी पाहा, आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. शेजाऱ्यांना मोजणी मान्य नसेल तर त्यांना निमताना मोजणी मागता येते. मात्र भूकरमापक फक्त खुणा दाखवतो, भिंत पाडून देत नाही. तो हुकूम कोर्टाचा.

आता त्या "देऊन टाकली" या शब्दांकडे वळू. तोंडी दिलेली जागा कायद्याने बक्षीस होत नाही. बक्षीसपत्र नोंदवावे लागते, त्यावर दोन साक्षीदार लागतात. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. दुसऱ्याची जागा स्वतःची म्हणून, उघडपणे, सलग बारा वर्षे ताब्यात ठेवली तर मूळ मालकाचा हक्क बुडू शकतो. १९६३ च्या मुदत कायद्यात तशी तरतूद आहे. म्हणूनच मुलगा "दिली होती" म्हणतो आहे. उलट विचारून वापरलेली जागा कितीही वर्षे वापरली तरी वापरणाऱ्याची होत नाही. तुमचे सारे प्रकरण या एका मुद्द्यावर उभे आहे, आणि तो सांगू शकतील अशा सासूबाईच! त्या थकल्या आहेत असे तुम्ही लिहिता. तेव्हा परवानगी केव्हा दिली, कुणासमोर दिली, हे आजच त्यांच्याकडून सविस्तर ऐका, लिहून घ्या, आणि वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

पाया बुजवायला घरच्या कुणालाही पाठवू नका. एकदा हातघाई झाली की जागेचा प्रश्न बाजूला राहतो आणि पोलीस चौकीच्या खेपा सुरू होतात. नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. त्या बांधकामाला परवानगी आहे की नाही ते तरी कळेल. मालकीचा निवाडा ते करत नाहीत. भिंत जोत्यावर येण्याआधी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मागायला हवा. शेजारी मालकीच नाकारत असल्यामुळे दाव्यात नुसती मनाई न मागता मालकी ठरवून द्यावी, असेही मागायचे असते.

या सगळ्याआधी एकदा तुम्ही आणि सासूबाई काकूंकडे जाऊन बसा. मुलगा काय म्हणतो ते सोडा, काकूंना सरपणाची गोष्ट आठवत असेलच. त्यांनी मान्य केले तर तेवढे दोन ओळींत लिहून त्यांची सही घ्या.

खर्चाची धास्ती वाटत असेल तर एक सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. सासूबाई वारस आहेत, दावा त्यांच्या नावाने लावता येईल. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. कोर्टाच्या आवारातच चौकशी करा.