दोऱ्या दिसू द्या

१९६५ साली ब्रिटनमध्ये जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची विज्ञानमालिका आली. तिचे ३२ भाग आज नातवंडांना दाखवायला घेतले, की पहिला शेरा ठरलेला : “दोऱ्या दिसतायत!” दिसू द्या. उलट तिथेच थांबून सांगावं, की बाहुलीच्या डोक्यात विद्युतचुंबकी यंत्रणा असे आणि ध्वनिमुद्रित संवादांबरोबर ओठ हलत. डोकी मोठी, ती त्यामुळेच. चालणं मात्र या बाहुल्यांना कधी नीट जमलं नाही, म्हणून मंडळी सदा यानांत बसलेली! खरी करामत डेरेक मेडिंग्ज यांच्या छोट्या प्रतिकृतींची आणि स्फोटांची. एक भाग पन्नासेक मिनिटांचा, गती संथ. मुलं चुळबुळ करतील. सुट्टीत एकच भाग लावा, आणि ‘आमच्या वेळी’ एवढे दोन शब्द टाळा.