वेदनाशमन आणि विवेक

तीन वर्षांपूर्वी मला नागीण झाली. पुरळ महिनाभरात सुकले; वेदना मात्र बरगडीवर ठाण मांडून बसली. सदऱ्याचा स्पर्शही सोसवू नये, अशी ती आग होती. गॅबापेंटिनच्या अल्प मात्रेने मला रात्रीची झोप परत दिली. तेव्हा आरंभीच स्पष्ट करतो की, मी या औषधाचा विरोधक नाही, ऋणाईत आहे. परंतु ऋणाईताने हिशेब मागू नये, असे कोणतेही अर्थशास्त्र सांगत नाही.

हे औषध मुळात अपस्मारावरचे. अमेरिकेत १९९३ साली त्याला त्यासाठी मान्यता मिळाली. नागिणीनंतरच्या वेदनेसाठीची मान्यता २००२ सालची. दरम्यान मान्यता नसलेल्या नाना दुखण्यांसाठी त्याचा प्रचार करण्यात आला. त्याबद्दल वॉर्नर-लॅम्बर्ट या कंपनीने २००४ साली गुन्हा कबूल केला आणि प्रकरण मिटवण्यासाठी ४३ कोटी डॉलर मोजण्यात आले. बाजारपेठेचा विस्तार आणि रोग्याचे हित या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा याहून ठसठशीत पुरावा कोणता हवा?

उपयोगाचे प्रमाणही नीट पाहिले पाहिजे. नागिणीनंतरच्या वेदनेत गॅबापेंटिन घेणाऱ्या दहांपैकी तिघाचौघांची वेदना निम्म्याने कमी होते. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांतही एकदोघांना तेवढाच आराम पडतो. म्हणजे लाभ खरा, पण मर्यादित. याच कुळातील प्रीगॅबॅलिनची सायटिकावर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. औषध औषधविरहित गोळीहून सरस ठरले नाही; चक्कर मात्र अधिक आली. तरीही आपल्याकडे साध्या कंबरदुखीच्या चिठ्ठीवरही त्याचे नाव सर्रास आढळते.

माझीच चूक सांगतो. गेल्या वर्षी मान दुखू लागली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रीगॅबॅलिन, नॉर्ट्रिप्टिलीन व मिथाइलकोबालामिन यांची एकत्रित गोळी दिली. गॅबापेंटिन चालू आहे का, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. चौथ्या रात्री मोरीत तोल जाऊन पडलो. हाड मोडले नाही, हे नशीब. एकत्रित गोळीत एका घटकाची मात्रा कमी करून दुसऱ्याची तशीच ठेवता येत नाही, हा साधा हिशेब मला पडल्यावर सुचला.

केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेत ग्राहक राजा नसतो. कारण आपल्याला काय हवे, याचे ज्ञान विक्रेत्यापाशी असते. आपल्या देशात १९७५ साली हाथी समितीने औषधांची मूळ नावे वापरात आणण्याची शिफारस केली. पन्नास वर्षे उलटली, तरी रोग्याला आपण काय गिळतो हे अद्याप उमगत नाही. दोन वेगळ्या नावांची पाकिटे प्रत्यक्षात एकच औषध असू शकतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्त्यांत काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज घेऊ नयेत. मात्रा अल्पापासून हळूहळू वाढवावी. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. सबब वृद्धांनी व मूत्रपिंडाच्या रोग्यांनी विशेष जपावे. मद्य, झोपेच्या गोळ्या वा अफूजन्य वेदनाशामके यांच्यासोबत घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. गुण येत नसेल तर ती वर्षानुवर्षे रेटू नयेत. मात्र एकाएकी थांबवूही नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावीत. सवय व गैरवापर यांच्या धोक्यामुळेच ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ही दोन्ही औषधे नियंत्रित केली.

शेवटी एक प्रश्न उरतोच. हमालाची पाठ दुखते ती मज्जातंतूंच्या दोषानेच, असे नव्हे; बहुधा ती ओझ्याने दुखते. म्हणूनच डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने पोत्याचे वजन ५० किलोवर आणण्याचा आग्रह धरला होता. तो उपचारच होता. जिथे ओझे कमी करणे शक्य आहे, तिथे केवळ गोळी देऊन माणसाला पुन्हा त्याच ओझ्याखाली उभे करणे, याला मी वैद्यक म्हणणार नाही.