'कल' कुणाच्या जातीत नसतो

आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिका एकदा नीट पाहा. विहाराच्या बाजूच्या खोलीत चार टेबले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फळीवर एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीचे गाइड. रात्री अकरापर्यंत मुले-मुली तिथे बसतात, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्या खोलीत आयटीआयचा मुलगा सहसा दिसत नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणारा, निळ्या-खाकी गणवेशातला हा मुलगा वस्तीत सगळ्यांच्या घरचे फ्यूज बसवतो. पण त्याचीही स्पर्धा परीक्षा असते, हे आपल्या चळवळीच्या ध्यानातच आलेले नाही.

यावर आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, "पुन्हा हातकामच का? आपल्या पोरांनी कलेक्टर व्हावे, पोलवर का चढावे?" या प्रश्नामागची जखम आम्हाला समजते. जातीने लादलेल्या कामातून बाहेर पडण्यासाठी आपल्या दोन-तीन पिढ्या खपल्या. पण लादलेले काम आणि नाकारलेले काम यांत फरक करावा लागेल. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्यांना बंदी होती, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याचा आग्रह धरला. म्हणजे झगडा होता तो कौशल्याच्या कामात शिरण्यासाठी. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात परदेशातल्या उच्च शिक्षणाच्या मदतीबरोबर तांत्रिक प्रशिक्षणाची मागणी आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, अशी. आणि युद्धोत्तर भारताच्या वीज धोरणाची पायाभरणी ज्या खात्यात झाली, ते खातेही त्यांचेच. वीजतंत्री होणारा मुलगा चळवळीच्या रस्त्यावरून खाली उतरलेला नाही.

आता परीक्षेकडे येऊ. शिकाऊ उमेदवारीचे दरवाजे अनेक आहेत आणि प्रत्येकाची चावी वेगळी. मध्य रेल्वेच्या मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर विभागांत शिकाऊ उमेदवार घेताना लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढून यादी लागते, आणि दहावीला किमान ५० टक्के लागतात. म्हणजे या परीक्षेची तयारी नववीतच सुरू होते, हे घरी कुणी सांगत नाही. "आयटीआयलाच तर जायचंय, पास झाला तरी पुरे" हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकले आहे! ते वाक्य दोन वर्षांनी मुलाला यादीबाहेर काढते. मुंबईच्या नौदल गोदीच्या शिकाऊ उमेदवार शाळेसाठी मात्र लेखी परीक्षा असते: गणित, सामान्य विज्ञान, सामान्य ज्ञान. आणि उमेदवारी संपल्यावर पुढची पायरी म्हणून रेल्वेचा सहायक लोको पायलट व्हायचे तर संगणकावरची अभियोग्यता चाचणी.

आमचा अनुभव असा की मुले विजेत कमी आणि गणितात जास्त अडकतात. ६ ओहम आणि ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, १२ व्होल्ट दिले, प्रवाह किती? जोडणी मुलाला हाताने करता येते. पण एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश म्हणजे एक द्वितीयांश, म्हणून एकूण रोध २ ओहम आणि प्रवाह ६ अँपिअर, इथे तो थबकतो. ही विजेची अडचण नाही, पाचवी-सहावीत राहून गेलेला अपूर्णांक आहे. ६० वॅटचे चार दिवे रोज पाच तास आणि १००० वॅटची इस्त्री अर्धा तास, तर तीस दिवसांत युनिट किती? उत्तर ५१. हेच गणित आईच्या हातातल्या वीजबिलावर मांडून दाखवले की मुलगा कधी विसरत नाही.

पाठांतराने फसवणारेही प्रश्न असतात. १०० वॅट आणि ६० वॅटचे दोन बल्ब एकसरीत जोडले, जास्त कोणता उजळेल? पाठ करणारा सांगतो १००. उजळतो ६० चा, कारण त्याचा रोध जास्त आणि प्रवाह दोघांत सारखाच. दोन साधे बल्ब, दोन होल्डर आणि वायरचा तुकडा घेऊन, जाणत्या वीजतंत्र्याच्या देखरेखीखाली, हे पाच मिनिटांत दिसते. महागड्या क्लासची इथे काही गरज नाही.

खरा वाद 'अभियोग्यता' या शब्दाशी आहे. बोलीत त्याला 'कल' म्हणतात. अमक्याचा कल यंत्राकडे, तमक्याचा सेवेकडे, हे ऐकले की आपले कान टवकारलेच पाहिजेत, कारण जन्मजात गुणधर्मानुसार काम ठरवण्याचा धंदा या देशात फार जुना आहे. सहायक लोको पायलटच्या चाचणीत काय असते ते पाहा: स्मरण, सूचनांचे पालन, खोली ओळखणे, एकाग्रता, आणि चटकन फरक टिपण्याचा वेग. यातले बरेचसे सरावाने सुधारते. ज्याने लहानपणापासून संगणक हाताळला, वेळ लावून कोडी सोडवली, त्याचा वेग जास्त असतो. त्यालाच आपण 'कल' म्हणून मोकळे होतो. प्रत्येक उपचाचणीत किमान ४२ टी-स्कोअर लागतो आणि तो सर्व प्रवर्गांना सारखाच, सवलत नाही. मुले समजतात ४२ म्हणजे ४२ टक्के. तसे नाही. टी-स्कोअर समूहाच्या सरासरीवरून काढतात; सरासरीला ५० धरतात. म्हणजे बाकीचे सराव करून आले की आपला न केलेला सराव अधिकच महाग पडतो.

हजारो प्रवाशांचा जीव ज्याच्या हाती, त्याच्या चाचणीत सवलत मागा, असे आम्ही म्हणणार नाही. पण आधीच्या दोन्ही संगणकीय परीक्षा मराठीत देता येतात आणि ही चाचणी मात्र फक्त हिंदी-इंग्रजीत, हे कोणत्या सुरक्षिततेसाठी? सूचनांचे पालन मोजायचे असेल तर सूचना कळणाऱ्या भाषेत हव्यात. नाहीतर मोजली जाते ती भाषाच, आणि शिक्का बसतो अक्कल नसल्याचा. ही मागणी घेऊन रेल्वे बोर्डाकडे निवेदने गेली पाहिजेत, खासदारांना प्रश्न विचारायला लावले पाहिजेत. तोवर सराव थांबवायचा नाही. रेल्वेच्या आरडीएसओ या संस्थेच्या संकेतस्थळावर मानसतांत्रिक विभागाच्या पानावर प्रश्नांचे प्रकार आणि मार्गदर्शन फुकट उपलब्ध आहे. त्याच माहितीवर क्लासवाले फी उकळतात.

अजून एक गोष्ट आपले कार्यकर्तेही विसरतात. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे, अशा घोषणा आपण देतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ मध्ये १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ आले. त्यानुसार निर्दिष्ट व्यवसायांत प्रशिक्षणाच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखायच्या आहेत, आणि मालक खाजगी असला तरी त्याला सूट नाही. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपल्या एमआयडीसीत किती कारखाने हे पाळतात? जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात, मुलांच्या भाषेत बीटीआरआयमध्ये, जाऊन हे किती जणांनी विचारले? मोर्चाला लोक जमतात, या खिडकीवर कुणी जात नाही.

उमेदवारीचे गोडवेही गाऊ नयेत. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, आणि संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना पाच ते नऊ हजार ठरवले. शहरात खोली आणि खानावळ यांतच ते संपते. काही ठिकाणी शिकवण्याऐवजी स्वस्त मजूर म्हणून राबवतात. तरीही ते प्रमाणपत्र हातात हवे, कारण रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी आहेत. शिवाय मुलींना घरचे "वायरचं काम बायकांचं नाही" म्हणून अडवतात, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला विहारातले कुणी तरी गेले पाहिजे. सावित्रीमाईची जयंती करणाऱ्यांनी एवढे करावे.

आमचे म्हणणे व्यवहारातले आहे. प्रत्येक अभ्यासिकेने रविवारचे दोन तास आयटीआयच्या मुलांना द्यावेत. पहिला तास अपूर्णांक, गुणोत्तर, सूत्राची फिरवाफिरव; दुसरा तास घड्याळ लावून प्रश्न, त्यातले निम्मे हिंदीतून, म्हणजे सूचना वाचण्याची सवय होईल. शिकवायला महावितरण किंवा रेल्वेतून निवृत्त झालेला आपल्याच वस्तीतला वीजतंत्री आणि गणित घेणारी एखादी बी.एस्सी. झालेली ताई पुरे. नववी-दहावीच्या मुलांनाही मागच्या बाकावर बसू द्यावे. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज सुरू होतात. त्याआधी वर्ग चालू झाला तर यंदाच्या तुकडीला त्याचा उपयोग आहे.